अंगावर पित्त उठतं तेव्हा नेमकं काय होतं? आणि आमसुलानं ते खरंच बसतं का?

"आमसुलाचं पाणी लावलं आणि तासाभरात गांधी बसल्या." हे वाक्य तुम्ही हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत अशा कोणत्याही तालुक्यात ऐकलं असेल. आमसूल येतं कोकणातून, पण मराठवाड्यातल्या किराणा दुकानातही ते हमखास मिळतं आणि पित्तावरचा पहिला उपाय म्हणून ते घराघरात ठेवलेलं असतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताहेत, काही जण सिनॉप्सिस लिहिताहेत. म्हणून आज हे एकच वाक्य घेऊन बसू. या वाक्यात दोन निरीक्षणं आहेत: आमसूल लावलं, आणि गांधी बसल्या. मधल्या "आणि" मध्ये मात्र एक निष्कर्ष लपलेला आहे, की आमसुलामुळे गांधी बसल्या. संशोधनाची पद्धत शिकायची म्हणजे बऱ्याच अंशी हा "आणि" उलगडायला शिकायचं. शिवाय हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. पित्त बहुतेक वेळा आपोआप जातं, पण क्वचित ते जिवावर बेततं, आणि तेव्हा घरातला उपाय करत बसण्यात गेलेली वीस मिनिटं फार महाग पडतात. तो भाग पुढे येईल. तो मात्र वगळू नका.

आधी शब्द सरळ करू

आपण "पित्त" हा शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरतो. एक, यकृतात तयार होणारा आणि पित्ताशयात साठणारा पाचक रस. दोन, छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकं दुखणं. इथे खरं काम जठरातल्या आम्लाचं असतं. तीन, अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या, फुगीर, लालसर गांधी. डॉक्टर तिसऱ्या प्रकाराला अर्टिकॅरिया म्हणतात. आयुर्वेदात माधवनिदान या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचं एकत्र वर्णन आहे. थंड वाऱ्याचा संपर्क हे कारण आणि गांधीलमाशी चावल्यावर उठते तशी सूज हे लक्षण तिथे दिलेलं आहे. लक्षणाचं हे वर्णन आजही जसंच्या तसं पटतं.

शब्द एकच असल्यामुळे गोंधळ होतो. अंगावर पित्त उठलं की लोक जळजळीची गोळी घेतात, कारण दोन्ही "पित्त"च! गंमत म्हणजे दोन्हींमध्ये एक रसायन समान आहे, हिस्टॅमिन. जठरात ते आम्ल सुटायला मदत करतं आणि त्वचेत ते गांधी उठवतं. पण दोन्ही ठिकाणचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वेगळे आहेत. त्वचेत मुख्य काम एच-१ चं, जठरात एच-२ चं. जेम्स ब्लॅक यांनी १९७२ मध्ये एच-२ रिसेप्टर वेगळा ओळखून दाखवला आणि त्यातून आम्लाची औषधं निघाली. त्या कामासाठी त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. तेव्हा रसायन एक असलं तरी "ॲसिडिटी झाली म्हणून गांधी उठल्या" असा अर्थ त्यातून निघत नाही.

सिनॉप्सिसमध्ये "संज्ञांच्या व्याख्या" हा भाग उरकून टाकायची सवय असेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवा. गावात जाऊन तुम्ही "तुम्हाला पित्ताचा त्रास आहे का?" असं विचारलंत, तर शंभर उत्तरं मिळतील, पण ती तीन वेगवेगळ्या आजारांची असतील.

त्वचेच्या आत काय चालतं

आपल्या त्वचेत, रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या आजूबाजूला मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात बारीक कण गच्च भरलेले असतात आणि त्या कणांत हिस्टॅमिन असतं. या पेशी कोणी शोधल्या? पॉल एरलिख यांनी, १८७८ मध्ये, आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. कापड रंगवायच्या ॲनिलिन रंगांनी शरीराच्या ऊती रंगवून बघायचं काम त्यांनी घेतलं होतं, त्यात या कणांनी भरलेल्या पेशी उठून दिसल्या. त्या खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या असाव्यात असं वाटून त्यांनी जर्मनमधल्या "चारून पुष्ट करणे" या अर्थाच्या शब्दावरून "मास्ट" हे नाव दिलं. पेशी चरत नव्हत्या, माल साठवून बसल्या होत्या, हे पुढे कळलं. नाव मात्र तसंच राहिलं. आपल्या "पित्ता"सारखंच.

मास्ट पेशीला चिथावणी मिळाली की ती आपले कण बाहेर टाकते. हिस्टॅमिन सुटतं. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली येते. त्यांच्या भिंतींतल्या फटी मोठ्या होऊन रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं म्हणून फुगवटा येतो. मज्जातंतू चाळवतात म्हणून खाज सुटते. थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात त्वचेवर रेघ ओढून नेमक्या या तीन पायऱ्या नोंदवल्या: आधी लाल रेघ, मग भोवती पसरणारी लाली, मग फुगवटा. बॉलपेनाच्या मागच्या टोकानं हातावर रेघ ओढून तुम्हीही हे बघू शकता. बहुतेकांना नुसती लाल रेघ दिसेल, पण काहींच्या हातावर दोरीसारखी उंच रेघ उठते. अशा माणसांना घट्ट नाडी, बॅगेचा पट्टा किंवा टॉवेलनं खसाखसा पुसणंही पुरतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. झिरपलेलं पाणी परत शोषलं जातं आणि गांध मागे काही खूण न ठेवता जाते. एक गांध साधारण अर्ध्या तासापासून चोवीस तासांपर्यंत टिकते. एक बसते, दुसरी दुसरीकडे उठते, त्यामुळे आपल्याला वाटतं की "चार दिवस पित्त बसलंच नाही". प्रत्यक्षात प्रत्येक गांध वेगळी असते. हे आकडे लक्षात ठेवा. आमसुलाच्या प्रश्नात तेच कामाला येणार आहेत.

चिथावणी कोण देतं?

शेंगदाणा, अंडं, मासे, एखादं औषध, मधमाशीचा डंख या गोष्टींत बहुतेक वेळा आयजीई नावाचं प्रतिपिंड मध्यस्थ असतं. "रक्तात काहीतरी आहे" हे दाखवणारा प्रयोग १९२१ मधला. हाइन्झ क्युस्टनर यांना मासा चालत नसे. त्यांच्या रक्तातला द्रव कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांध उठली, तीही फक्त त्याच जागी. त्या "काहीतरी"ची ओळख पटायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमधल्या योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे ते शोधलं. रक्तातून आजार पसरायचा धोका असल्यामुळे प्राउस्निट्झ यांची पद्धत आता कोणी वापरत नाही.

पण सगळ्या गांधी ॲलर्जीच्या नसतात, आणि इथेच लोकांची जास्त दिशाभूल होते. लहान मुलांमध्ये अचानक गांधी उठण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे साधा विषाणूजन्य ताप-सर्दी. आता बघा काय होतं. मुलाला ताप येतो, दवाखान्यात अँटिबायोटिक मिळतं, दुसऱ्या दिवशी अंगावर गांधी उठतात. घरचे म्हणतात, "औषधाची रिॲक्शन आली." कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा ज्या आजारासाठी औषध दिलं, त्याच आजारानं गांधी उठवलेल्या असतात. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळकारी घटक म्हणतात: औषध आणि गांधी या दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट उभी असते. परदेशात पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्या लोकांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा दहातल्या साधारण नऊ जणांना ते औषध सहज चाललं. म्हणून कोणी स्वतःच घरी औषध पुन्हा घेऊन बघायचं नाही, तो प्रयोग दवाखान्यातच होतो. पण "रिॲक्शन" हा शिक्का आयुष्यभरासाठी मारायच्या आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

याशिवाय आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी गांधी उठतात किंवा असलेल्या वाढतात. मराठवाड्याच्या उन्हात घाम आला की काहींना टाचणीच्या डोक्याएवढ्या, अतिशय खाजऱ्या गांधी उठतात. त्या घामोळ्यांपेक्षा वेगळ्या, कारण अंग निवलं की तासाभरात जातात. काहींना उलट थंडीनं उठतात. माधवनिदानातला थंड वारा आठवा! अशा माणसाच्या हातावर काही मिनिटं बर्फाचा खडा ठेवून काढला की तेवढीच जागा फुगते. अशा माणसानं विहिरीत एकदम उडी मारणं धोक्याचं आहे, कारण सगळ्या अंगातून एकाच वेळी हिस्टॅमिन सुटलं तर रक्तदाब कोसळून पाण्यातच शुद्ध हरपू शकते.

त्रास सहा आठवड्यांच्या आत संपला तर तो तात्पुरता, त्यापुढे गेला तर जुनाट, अशी विभागणी आहे. जुनाट प्रकारात बहुतेक वेळा बाहेरचं कारण सापडत नाही. १९९३ मध्ये काही रुग्णांच्या रक्तात मास्ट पेशीच्या रिसेप्टरलाच चिकटणारी प्रतिपिंडं सापडली, म्हणजे शरीर स्वतःच स्वतःच्या पेशींना चिथावत होतं. म्हणून वर्षभर वांगं, तूरडाळ, दही, शेंगदाणे असं एकेक सोडत जाणाऱ्या माणसाच्या हाती बऱ्याचदा अशक्तपणाशिवाय काही लागत नाही. शंभर पदार्थांची रक्ततपासणीही इथे क्वचितच उपयोगी पडते.

आपल्याकडचा जवळचा चकवा: गाजर गवत

हिंगोलीत बांधावर, रस्त्याकडेला, पडीक रानात पांढऱ्या फुलांचं गाजर गवत (काँग्रेस गवत) सगळीकडे दिसतं. भारतात त्याच्या प्रसाराकडे लक्ष गेलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यात, पुण्यात. आणि त्यानं होणाऱ्या त्वचारोगाच्या भारतातल्या सुरुवातीच्या नोंदीही पुण्यातल्याच आहेत. खुरपणाऱ्या माणसाला खाज सुटली की लोक त्यालाही "पित्त" म्हणतात. पण हा आजार वेगळा आहे.

फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. गांध काही मिनिटांत उठते आणि चोवीस तासांच्या आत जाते. गाजर गवताचा इसब संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी सुरू होतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. पापण्या, मान, कोपराच्या खळग्या इथली कातडी जाड, कोरडी, भेगाळ होते. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य टी-पेशींना जागं करतं, मास्ट पेशींचा तिथे मुख्य वाटा नसतो. त्यामुळे चाचण्याही वेगळ्या. आयजीईसाठी त्वचेवर टोचून पंधरा-वीस मिनिटांत बघतात. गाजर गवतासाठी पाठीवर पट्टी लावून दोन ते चार दिवसांनी वाचतात. दोन आजारांचे रुग्ण एकाच अभ्यासात मिसळले, तर कोणत्याही औषधाचा निकाल मातीत जाईल.

आता आमसूल

आमसुलाचं गार पाणी अंगाला चोळलं की बरं वाटतं, हे खोटं नाही. प्रश्न आहे, कशामुळे? निदान चार उत्तरं संभवतात.

एक: गारवा. थंड पाण्यानं रक्तवाहिन्या आकसतात, पाणी उडताना त्वचा आणखी निवते आणि थंडी जाणणारे मज्जातंतू खाजेचा निरोप दाबतात. यात आमसुलाचा काही वाटा नाही; माठातलं साधं पाणीही हे करेल.

दोन: वेळ. गांध तशीही काही तासांत जाणार होती. खाज अगदी असह्य झाली तेव्हाच आपण आमसूल भिजत घालतो, म्हणजे त्रासाच्या टोकाला. टोकानंतर उतारच असतो. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

तीन: माया. आजी शेजारी बसते, हात फिरवते, "आता बसेल बघ" म्हणते. खाज ही मेंदूत जाणवणारी गोष्ट आहे आणि धीर दिल्यानं ती खरोखर कमी होते.

चार: आमसुलातलं द्रव्य. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं संयुग असतं आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर त्याचा दाहविरोधी परिणाम दिसला आहे. पण बशीतल्या पेशीवर थेट टाकलेलं शुद्ध संयुग आणि धडधाकट त्वचेवरून ओघळणारं आमसुलाचं पाणी, यांत मोठं अंतर आहे.

चौथं उत्तर खरं आहे का हे शोधायचं, तर पहिली तीन वजा करावी लागतील. अभ्यास कसा आखाल? वहीत लिहा.

प्रश्न असा लिहा: "डॉक्टरांनी निदान केलेल्या गांधींमध्ये, आमसुलाचं पाणी लावल्यावर तीस मिनिटांनी होणारी खाजेतली घट, त्याच तापमानाचं साधं पाणी लावल्यावर होणाऱ्या घटीपेक्षा जास्त असते का?" हा नीट प्रश्न झाला. "आमसूल गुणकारी आहे का?" याला विषय म्हणता येईल, प्रश्न म्हणता येणार नाही.

एकाच माणसाच्या दोन हातांवर दोन पाणी लावा, कोणतं कुठे ते चिठ्ठी टाकून ठरवा. आमसुलाचं पाणी लाल आणि किंचित चिकट असतं, म्हणून साध्या पाण्याला तसाच रंग द्यावा लागेल, नाहीतर रुग्णाला लगेच कळेल. खाज शून्य ते दहा अशी मोजा: आधी, मग पंधरा, तीस आणि साठ मिनिटांनी. प्रत्येक गांधीभोवती पेनानं गोल काढा, म्हणजे तीच गांध बसली की नवी उठली ते कळेल. ज्यांना थंडीनं गांधी उठतात त्यांना अभ्यासात घेऊ नका. कोणाचंही नेहमीचं औषध थांबवू नका. नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतलं संमतीपत्र आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियामध्ये पूर्वनोंदणी, हे सगळं पहिल्या रुग्णाच्या आधी.

जुनाट त्रासासाठी जगभर एक सोपी मोजपट्टी वापरतात. रोज दोन आकडे लिहायचे. गांधींचा: नाहीत ०, वीसपेक्षा कमी १, वीस ते पन्नास २, पन्नासपेक्षा जास्त ३. खाजेचा: ० ते ३. सात दिवसांची बेरीज ० ते ४२ मध्ये येते. तुम्हाला स्वतःला त्रास असेल तर आठवडाभर हे लिहून डॉक्टरांकडे न्या. "फार पित्त उठतं" यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडेल.

आणि हळद?

हिंगोली म्हटलं की हळद आलीच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भैषज्यरत्नावलीतला हरिद्राखंड हा हळदीचा कल्प शीतपित्तासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. भाषणांत या तिन्ही गोष्टी एका दमात येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हळद गुणकारी असल्याचं सिद्ध झालं.

पण प्रत्येक पुरावा कशाचा आहे ते तपासा. भौगोलिक मानांकन सांगतं की या मालाची ओळख या भूभागाशी बांधलेली आहे. पेटंटचा निकाल सांगतो की हे ज्ञान आधीपासून होतं, त्यात नवं काही नव्हतं. जुना ग्रंथ सांगतो की वैद्य हे वापरत आले. उपयोग किती होतो, कोणाला होतो, किती मात्रेत होतो, याचं उत्तर या तिन्हींत नाही; ते फक्त तुलनेच्या अभ्यासातून मिळतं. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात फारच कमी पोहोचतं, आणि शरीराबाहेरच्या अनेक चाचण्यांत ते चाचणीतच ढवळाढवळ करून खोटा "परिणाम" दाखवू शकतं, हे औषध-रसायनशास्त्रातले लोक आवर्जून सांगतात. दुसऱ्या बाजूनं, हळद किंवा करक्युमिन त्वचेला लागून इसब किंवा गांधी उठल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा फणफणलेल्या कातडीवर हळदीचा लेप देऊ नका. दुधातली चिमूटभर हळद तुम्हाला नेहमी चालत असेल तर घ्या, पण औषध थांबवून नको.

घरी काय करायचं

- गार पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. आमसुलाचं गाळलेलं पाणी आवडत असेल तर तेही चालेल, कातडी फुटलेली नसेल तर. थंडीनंच गांधी उठत असतील तर हा उपाय करू नका.
- कॅलामाइन लोशननं तात्पुरता आराम पडतो.
- सैल सुती कपडे घाला. कडक पाण्यानं अंघोळ करू नका. नखं कापा, खाजवण्याऐवजी तळहातानं हलकं दाबा. काही घरांत खरखरीत घोंगडीनं अंग घासतात. क्षणभर बरं वाटतं, पण घासल्यानं मास्ट पेशी आणखी चिथावतात.
- सिट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या पिढीतल्या अँटिहिस्टॅमिन गोळ्या हा मुख्य उपाय आहे. त्या सुटलेल्या हिस्टॅमिनला एच-१ वर बसू देत नाहीत. मात्रा डॉक्टरांना विचारा. मुलं, गरोदर बाई आणि मूत्रपिंडाचा आजार असलेली माणसं यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय नकोच. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, ते नीट शोषलं जात नाही.
- जुन्या पिढीच्या गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन मोटारसायकल चालवणं, मळणी यंत्रावर किंवा हळद शिजवायच्या कुकरपाशी उभं राहणं म्हणजे संकट ओढवून घेणं. सिट्रिझिननंही काहींना झोप येते.
- मेडिकलवरून मिळणारी स्टेरॉइडची मिश्र मलमं गांधींवर काम करत नाहीत, कातडी मात्र पातळ करतात. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.
- काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, किती वेळानं उठलं, हे लगेच लिहा. जमलं तर मोबाइलवर फोटो काढा; डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत गांधी बसलेल्या असतात.

कधी घरी थांबायचं नाही

गांधींबरोबर खालीलपैकी एक जरी लक्षण दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या रुग्णालयात न्या: जीभ किंवा घसा सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं किंवा छातीत घरघर, वारंवार उलट्या, चक्कर, घाम फुटून अंग गार पडणं, शुद्ध हरपणं. मधमाश्यांचे बरेच डंख बसले असतील, किंवा इंजेक्शन-गोळीनंतर काही मिनिटांत असं झालं असेल, तर शंका काढत बसू नका.

याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनॅलिन. अँटिहिस्टॅमिनची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, आमसूल तर नाहीच. पोहोचेपर्यंत माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर ठेवा. धाप जास्त असेल तर टेकून बसू द्या. एकदम उभं करून चालवू नका. सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या वाडीवरून मोठं रुग्णालय दूर असतं, म्हणून निघायचा निर्णय लवकर घ्यायला हवा. "आधी लावून बघू, नाही बसलं तर जाऊ" हे साध्या खाजेसाठी ठीक, श्वासासाठी नाही.

एकच गांध चोवीस तासांपेक्षा जास्त एकाच जागी राहिली, खाजेपेक्षा दुखू लागली आणि जाताना काळपट डाग ठेवून गेली, तर ती साधी गांध नसून रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. त्रास सहा आठवड्यांपुढे गेला तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रोज नियमित गोळी, गरजेनुसार डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत मात्रा आणि त्यानंही न जमल्यास ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत.

जाता जाता एक गणित

जुनाट गांधींचा त्रास कोणत्याही वेळी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांना असतो, असा अंदाज दिला जातो. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. गुणाकार केला तर साधारण सहा ते बारा हजार माणसं होतात. हा आकडा प्रबंधात असाच लिहून टाकायचा मोह होईल. लिहू नका. मूळ अंदाज दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या पद्धतीनं निवडलेल्या लोकांवरून आलेला आहे, आणि आपल्याकडे "पित्त" म्हणणारा माणूस इसब किंवा खरूज घेऊनही येतो. हा गुणाकार फक्त एवढंच सांगतो की प्रश्न मोजण्याइतका मोठा आहे.

तुमच्यापैकी कोणी औषधनिर्माणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा सामाजिक आरोग्यात विषय शोधत असेल, तर यात कामं पडलेली आहेत: गाजर गवताचा इसब आणि गांधी यांची गावपातळीवर नीट वेगळी नोंद, हळदीच्या हंगामात काढणी-शिजवणी-पॉलिश करणाऱ्या मजुरांच्या त्वचेची पाहणी, किंवा वर लिहिलेला आमसुलाचा अभ्यास. गाईडकडे जाताना विषय घेऊन जाऊ नका, एका वाक्यातला प्रश्न घेऊन जा. आणि त्या वाक्यात कुठे "आणि" आला असेल, तर तो एकदा तपासून बघा.